मालकी बदलण्याचं बटण

३ सप्टेंबर, सकाळी साडेसात

नवी वही काढली. जुनी अर्धी कोरी आहे, पण मोठ्या कामाला जुनी वही बरी दिसत नाही.

मोठं काम असं: शिलाई मशीनची वेबसाइट धाकट्या लेकीच्या नावावर करून द्यायची. मुदत ३० तारीख. मला अर्धा तास पुरे. उरलेल्या सत्तावीस दिवसांचं काय करायचं, हाच प्रश्न.

चहाच्या वेळी हिला सांगितलं. ही म्हणाली, करा की, पण कुणाच्या नावावरून? मला हसूच फुटलं. चौतीस वर्षं मी मालमत्ता नोंदणीच्या कचेरीत काउंटरवर बसलो. घरं, दुकानं, गोदामं, एकदा तर अर्धा जिना, सगळं माझ्या हाताखालून या नावावरून त्या नावावर गेलं. आणि बायको मला विचारते कुणाच्या नावावरून! म्हटलं, माझ्याच की. ही आणखी काहीतरी बोलणार होती, पण मी तोवर काउंटरवरचे किस्से सुरू केले होते.

४ सप्टेंबर

नोंद पक्की असावी म्हणून लिहून ठेवतो.

माझ्या तीन साइट आहेत. तिन्ही एकाच कंपनीच्या प्लॅटफॉर्मवर. म्हणजे जागा त्यांची, दुकान आपलं. आपण वस्तूंबद्दल लिहायचं, वाचणाऱ्यानं आपल्या लिंकवरून ती वस्तू घेतली की विकणारा आपल्याला थोडं कमिशन देतो. याला अ‍ॅफिलिएट म्हणतात. साठीनंतर हे सगळं मी स्वतः शिकलो, कोणताही क्लास न लावता. (पहिले दोन महिने धाकटी रोज संध्याकाळी शेजारी बसायची. तो क्लास म्हणता येणार नाही.)

एक साइट छत्र्यांची, एक थर्मासची. या दोन्ही मी एकहाती सांभाळतो. वाचक सध्या कमी. तिसरी शिलाई मशीनची, ती मात्र जोरात चालते. तिथली किरकोळ कामं ही बघते: कुठल्या कापडाला कुठलं मशीन, दोरा का तुटतो, टाके का सुटतात, वाचकांच्या शंकांना उत्तरं वगैरे. प्रस्तावना माझी. रंगही मीच निवडले.

धाकटी कपडे दुरुस्तीच्या दुकानात बारा वर्षं कामाला आहे. मालकीणबाई आता थकल्या, दुकान महिनाअखेर बंद. पण शिलाई मशीनच्या एका कंपनीनं तिला विचारलंय की आमची मशीनं घरी चालवून बघा, त्यांच्यावर लिहा. वर्षभराचं पक्कं काम. अट एकच, करारावर जिचं नाव तिच्याच नावावर साइट हवी. त्यांचा माणूस ३० ला घरी येणार, तिथल्या तिथे बघणार. नसेल तर काम दुसरीकडे.

धाकटीला म्हटलं, निर्धास्त राहा, बाप बसलाय. ती म्हणाली, बाबा, त्याबद्दलच एक सांगायचं होतं. म्हटलं, सांग, आधी माझं ऐक. मग ती दुकानात गेली.

५ सप्टेंबर, सकाळी दहा

बसलो. मदतीच्या पानावर लिहिलंय, ‘साइटची माहिती’ उघडा, खाली ‘मालकी बदला’ असं बटण दिसेल.

दिसत नाही.

५ सप्टेंबर, सकाळी अकरा

चष्मा पुसला. दिसत नाही.

५ सप्टेंबर, दुपारी चार

वाचायचा चष्मा, लांबचा चष्मा आणि शेवटी हिचा चष्मा. हिच्या चष्म्यातून ‘लेख लिहा’चं बटण भलतंच मोठं दिसलं, पण ‘मालकी बदला’ नाही ते नाहीच. स्क्रीन जुना आहे. कडा कापून दाखवत असणार.

७ सप्टेंबर

स्क्रीनचा दोष नाही. घड्याळजीच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर जाऊन बघितलं. घड्याळजी म्हणजे माझा शाळेपासूनचा मित्र, कोपऱ्यावर घड्याळं दुरुस्त करतो. त्याच्याकडेही बटण नाही. त्यानं डोळ्याला भिंग लावून सगळा स्क्रीन तपासला. म्हणाला, धूळ आहे, बटण नाही.

घरी आलो तर ही म्हणाली, अहो, तुमच्या त्या कंपनीचे कोड सारखे माझ्याच फोनवर येतात, तुमच्या कधी आलेत का? मी म्हटलं, कंपन्यांचा गोंधळ असतो, कुणाचा नंबर कुणाला लावतील नेम नाही. ही बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. कौतुकानं असावं.

९ सप्टेंबर

कंपनीच्या मदत विभागाला पत्र टाकलं. तीन परिच्छेद. पहिल्यात माझी सेवा, दुसऱ्यात माझ्या साइट, तिसऱ्यात बटण.

उत्तर तासाभरात! कुणी बाई आहेत. लिहितात, ‘प्रिय सदस्य, या साइटचे मालक आपण नाही. कृपया मालकाच्या खात्यातून विनंती करावी.’

मी ओळखलंच. कचेरीत आम्हीही हेच करायचो. आलेला अर्ज पहिल्या फेरीला परत पाठवायचा. माणूस खरा असेल तर पुन्हा येतो. बाई अनुभवी दिसतात.

११ सप्टेंबर

पुन्हा गेलो. म्हणजे पुन्हा लिहिलं. सोबत पुरावे: प्रस्तावनेचा कच्चा खर्डा, रंग निवडताना केलेलं टिपण आणि माझा मशीनशेजारी उभा असलेला फोटो. (मशीनवर ही बसली होती, तेवढी कापून काढली.)

उत्तर: ‘प्रिय सदस्य, या साइटचे मालक आपण नाही.’

शब्दनशब्द तेच. बाई अनुभवी नाहीत. नवीन लागलेल्या असाव्यात.

१३ सप्टेंबर

बटणाची मिनतवारी बंद. बटण म्हणजे काय हो, नुसती सोय. मालकी जाते ती कागदानं.

रीतसर हस्तांतरपत्र केलं. लिहून देणार मी, लिहून घेणार धाकटी. चतुःसीमा लिहिताना जरा अडलो. शेवटी पूर्वेस छत्र्यांची साइट, पश्चिमेस थर्मासची, उत्तर-दक्षिण खुली, असं घातलं. साक्षीदार म्हणून घड्याळजीची सही. दुसरा साक्षीदार हवा म्हणून हिला सही कर म्हटलं. ही म्हणाली, मी साक्षीदार? आणि पदर तोंडाला लावून आत गेली. भरून आलं असणार. लेकीला द्यायचं म्हटलं की आईचं असंच होतं.

पत्र स्कॅन करून साइटच्या ‘आमच्याविषयी’ पानावर लावलं. उलटं लागलं. पण कायद्यानं उलट्या कागदाला हरकत नाही.

१४ सप्टेंबर

हस्तांतरपत्राखाली वाचकांच्या अकरा प्रतिक्रिया! नऊ जणींनी विचारलंय, ताई, जाड कापडाला कुठली सुई? एकीनं विचारलंय, ताई, बॉबिनचा दोरा गुंततो, काय करू? एका गृहस्थांनी लिहिलंय, मान मोडून वाचलं, कळलं नाही.

सगळे ताई, ताई. साइटचा चेहरा घरगुती ठेवला त्याचं हे फळ. तो निर्णयही माझाच.

१६ सप्टेंबर, दुपारी दोन

सापडलं! नियमावली मुळातून वाचली. (आधी वाचायची गरज पडली नव्हती.) घेणाऱ्याचंही त्याच प्लॅटफॉर्मवर खातं लागतं. धाकटीचं खातंच नसणार, म्हणून बटण लपलंय. घेणारा हजर नसेल तर आम्हीही फाइल पुढे काढत नव्हतो.

धाकटी कामावर. तिला कशाला त्रास? मीच तिचं खातं उघडलं. पासवर्ड टाकला आणि विसरलो. दुसरं उघडलं. त्यात तिचं नाव माझ्या आडनावानं पडलं, लग्न होऊन नऊ वर्षं झाली हे लक्षातच आलं नाही. तिसरं उघडलं. ते चुकून माझ्याच नावानं. चौथं अगदी बिनचूक झालं. चारही ठिकाणी फोन नंबर माझा दिला, म्हणजे कोड हिच्या फोनवर जायची भानगड नको.

आता बटण उगवेल. पुन्हा पुन्हा पान ताजं करतोय.

१६ सप्टेंबर, संध्याकाळी सहा

धाकटी आली. आईच्या शेजारी बसली, दोघींचं काही कॉम्प्युटरवर करायचं चाललं होतं. मी म्हटलं, थांबा, आधी माझं बटण येऊ दे. एवढ्यात हिच्या फोनवर मेसेज वाजला. दोघींनी वाचला. दोघी एकदम माझ्याकडे वळल्या.

मेसेज असा: या घरातून एका दिवसात चार संशयास्पद खाती उघडली गेली आहेत. सुरक्षेसाठी साइटचं हस्तांतर आठ दिवस थांबवत आहोत.

हॅकर! आमच्या साइटवर डोळा आहे कुणाचा तरी. मी ताबडतोब पडदे लावले.

१७ सप्टेंबर

हॅकरांविरुद्ध मोहीम. तिन्ही साइटवर माझा लिहायचा पासवर्ड बदलला. नवा पासवर्ड घड्याळजीच्या दुकानात भिंतीवरच्या बंद घड्याळामागे चिकटवून ठेवला. ते घड्याळ संध्याकाळी गिऱ्हाईक घेऊन गेलं.

१९ सप्टेंबर

धाकटी आज लवकर आली. दुकान आवरायला सुरुवात झालीय. आमची पुढची खोली तिनं रिकामी केली, खिडकीपाशी मशीनसाठी टेबल लावलं. टेबलावर काहीच नाही. नुसती उभी राहून बघत होती.

मी म्हटलं, काळजी करू नकोस, मी आहे. तर ती म्हणाली, बाबा, एक ऐकाल? हे आठ दिवस सरेपर्यंत कशालाही हात लावू नका. कशालाही. आवाज चढवला नाही तिनं. चढवला असता तर बरं वाटलं असतं.

लहानपणी मशीनवर बसायची हट्टानं, पाय खालच्या पायट्याला पुरायचे नाहीत, मी खाली बसून हातानं पायटा हलवायचो. आज हे का आठवलं कोण जाणे.

संकल्प: आठ दिवस कशालाही हात लावायचा नाही.

२० सप्टेंबर

फक्त हस्तांतरपत्र सुलट केलं. हे हात लावण्यात येत नाही.

२१ सप्टेंबर

आता ते आडवं दिसतंय. पण मी संकल्पाला बांधलेला आहे.

२४ सप्टेंबर, दुपारी

आठ दिवस आज पुरे. जेवण झाल्यावर ही आणि धाकटी कॉम्प्युटरच्या खोलीत गेल्या, दार लोटून घेतलं. मला सांगितलं, सगळे बटाटे सोलून ठेवा. सगळे म्हणजे पाच किलो. संध्याकाळी एवढ्या बटाट्यांचं काय करणार, विचारलं नाही. माझ्यासाठी काहीतरी सरप्राइज चाललंय हे मला समजणार नाही का? बहुतेक सत्कार.

आतून एकदा ही म्हणाली, दाबू का गं? धाकटी म्हणाली, दाब आई. मग बराच वेळ हसणं. केकच्या दुकानाला ऑर्डर देत असाव्यात.

२६ सप्टेंबर

हॅकर आत शिरले! माझ्या ‘प्रकाशित करा’च्या बटणाच्या जागी ‘तपासणीसाठी पाठवा’ असं आलंय. माझा लेख कोण तपासणार? धाकटीला सांगितलं. ती म्हणाली, असू दे बाबा, काही बिघडत नाही. आजकालच्या मुलांना सुरक्षेचं गांभीर्य नाही.

३० सप्टेंबर, संध्याकाळी पाच

विजय! 

सकाळी अकराला मशीन कंपनीचा माणूस आला. उंच, मितभाषी, बूट दारातच काढले. धाकटी ओठ चावत बसलेली. मी त्याला प्रस्तावना वाचून दाखवत होतो, पण तो म्हणाला, साहेब, आधी मालकीचं पान बघू या. धाकटीनं लॅपटॉप उघडला.

मालक: धाकटी! तिचं नाव, तिचंच आडनाव, हिरवी खूण.

झालं होतं! आपोआप झालं होतं! माझ्या त्या चार खात्यांपैकी एक लागू पडलं असणार. किंवा हस्तांतरपत्र, उशिरा का होईना, दखल घेतली त्यांनी. त्या माणसानं करार पुढे केला, धाकटीनं सही केली, हिनं डोळे पुसले. मी उभा राहून चार शब्द बोललो. चौतीस वर्षांची सेवा, अर्ध्या जिन्याचं प्रकरण, शेवटी हे हस्तांतर. तो माणूस निघताना माझ्या हातात हात देऊन म्हणाला, घर छान आहे तुमचं.

संकल्प: या सगळ्यावर एक मोठा लेख लिहायचा. लोकांना मार्गदर्शन होईल.

१ ऑक्टोबर, सकाळी

लेखासाठी तारीख हवी म्हणून धाकटीला विचारलं, हस्तांतर नेमकं कुठल्या दिवशी लागलं? ती आईकडे बघायला लागली. ही म्हणाली, सांग गं बाई एकदाचं, आता करार झालाय.

लिहिणं भाग आहे, म्हणून लिहितो.

साइट माझ्या नावावर नव्हतीच. तिन्ही नव्हत्या. तीन वर्षांपूर्वी मी माझ्याच खात्याचा पासवर्ड इतक्यांदा चुकवला की खातं कायमचं बंद पडलं. साइट जाऊ नयेत म्हणून धाकटीनं कंपनीशी बोलून त्या आईच्या खात्यात घेतल्या. मला नुसतं लिहायचं दार ठेवलं. साइटला दोन दारं असतात म्हणे, एक लिहिणाऱ्याचं, एक मालकाचं. मी तीन वर्षं पहिल्या दारानं जात-येत होतो आणि वाड्याचा धनी समजत होतो. म्हणजे मी बटण शोधत होतो ते स्वयंपाकघरात उभं राहून घराची कागदपत्रं शोधल्यासारखं.

मी म्हटलं, माझ्या संमतीशिवाय? धाकटीनं माझाच मेल काढून दाखवला. ‘मला मान्य आहे’, खाली माझं नाव, तारीख, वेळ. मी त्या दिवशी रंग निवडत होतो. न वाचता मान्य केलं. काउंटरवर कुणी असं केलं असतं तर मी त्याला शेवटच्या खुर्चीवर नेऊन बसवलं असतं.

हिला म्हटलं, तू सांगायचं होतंस. ही म्हणाली, अहो, तीन तारखेला पहिल्या चहाला सांगायला तोंड उघडलं, तुम्ही अर्धा जिना काढलात. मग म्हटलं, हौस आहे तर करू देत, दमले की गुपचूप दाबून टाकू. सोळाला संध्याकाळी दाबणारच होतो. तेवढ्यात तुमची चार खाती.

मी विचारलं, म्हणजे हॅकर?

ही फक्त म्हणाली, पडदे मात्र छान लावले होते हो.

१ ऑक्टोबर, दुपारी

माझ्यामुळे आठ दिवस गेले. आणखी चार खाती उघडली असती तर महिना गेला असता, आणि खिडकीपाशी ते टेबल तसंच रिकामं. धाकटीला म्हटलं, चुकलो. ती म्हणाली, पायटा हलवायचात ना बाबा तुम्ही, तेव्हाही मधेच चाक उलटं फिरवायचात, दोरा तुटायचा. पण शिवलं मी त्याच मशीनवर.

मग म्हणाली, एक काम आहे, तुमच्याच हातचं. साइट माझ्या नावावर आली तरी लेखांमधल्या जुन्या लिंकांवर कमिशनसाठी आईचाच कोड आहे, तो आपोआप बदलत नाही. एकेक बघून यादी करावी लागेल.

यादी! मी लाल पेन्सिल आणि पट्टी काढली.

३ ऑक्टोबर

एकशे त्रेचाळीस लिंका तपासल्या. धाकटी ज्या बदलल्या म्हणाली होती त्यातल्या नऊ राहिल्या होत्या. नऊ! लाल गोल करून दिल्या. ती म्हणाली, बाबा, तुम्ही नसता तर सुटल्याच होत्या. हे मी वहीत तिच्या शब्दांत लिहून ठेवतोय. खाली सहीच घेणार होतो.

हिनंही मोठं मन केलं. म्हणाली, छत्र्या तरी तुमच्या नावावर घ्या. मालकाच्या दारानं गेली, एकदा बटण दाबलं, झालं. मला ते बटण बघू दिलं. निळं आहे. मला वाटलं होतं त्यापेक्षा लहान.

आता मी नवं खातं उघडून फक्त ‘स्वीकार’ म्हणायचं. डाव्या हाताचं काम.

४ ऑक्टोबर, सकाळी

‘या फोन क्रमांकावरून यापूर्वी चार संशयास्पद खाती उघडण्यात आली आहेत. नवीन खाते उघडता येणार नाही.’

मदतवाल्या बाईंना लिहिलं. या वेळी एकच परिच्छेद. उत्तर आलं, ‘प्रिय सदस्य’वर काट मारून, ‘प्रिय महोदय, आपण सदस्य नाही.’

६ ऑक्टोबर

लेख तपासणीसाठी पाठवला होता. पहिलं वाक्य: ‘ही साइट मी माझ्या धाकट्या मुलीच्या नावावर केली.’ परत आला. मालकीणबाईंचा शेरा: बाबा, लेख मस्त, पहिलं वाक्य तेवढं बघा. ‘आम्ही केली’ असं करून पाठवला. परत आला. ‘तिच्या आईनं केली’ असं लिहिलं. दोन मिनिटांत मंजूर.

खाली पहिली प्रतिक्रिया: ताई, लेख छान. तुमचे मिस्टरही लिहितात हे आजच कळलं.

पुढच्या खोलीत नवं मशीन आलंय. सकाळपासून आवाज चालू आहे. मधेच थांबतो, मग ही आतून काहीतरी सांगते, मग पुन्हा सुरू होतो.

चौतीस वर्षं काउंटरवर माणूस आला की त्याला बसा म्हणायच्याही आधी मी एकच विचारायचो: कागदावर नाव तुमचंच आहे ना? हजारो लोकांना विचारलं असेल. एक माणूस राहून गेला.

छत्र्यांचा नवा लेख लिहायला घेतोय. मालकीणबाईंना, म्हणजे हिला, विचारून.